मूल कुणाकडे राहतं?

"मागच्या वर्षी मूल तुमच्याकडे किती महिने राहिलं?"

हा प्रश्न मी फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसातून दहा-बारा वेळा विचारते. समोर बहुतेक आपलीच माणसं असतात, त्यामुळे उत्तरंही आपल्याच पद्धतीची येतात. एक काकू म्हणाल्या, "म्हणजे काय? शेजारी ठेवायला दिलं होतं की काय?" एका बाबांनी फोन काढून वाढदिवसाचे फोटो दाखवले, केक कापण्यापासून केक संपेपर्यंत. माझ्याच वयाच्या एका बाईने माझ्याकडे बघून नवऱ्याला हळूच सांगितलं, "हिचं लग्न झालेलं दिसत नाही."

झालेलं नाही. पण प्रश्न माझा नाही, टॅक्स खात्याचा आहे. मुलांच्या नावावर मिळणारी सवलत मी एखाद्याच्या रिटर्नमध्ये लावली, तर मला हा प्रश्न विचारावाच लागतो आणि उत्तर लिहून ठेवावं लागतं. विचारला नाही तर दंड मला होतो.

माझं ऑफिस एडिसनला ओक ट्री रोडवर आहे. खाली मिठाईचं दुकान, वर आम्ही. आमच्या फायलींना तुपाचा वास येतो. साने काका मालक, मी आणि सीझनपुरत्या येणाऱ्या दोन बायका. मी लहानपणापासून कमी बोलणारी. शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी तिथे आठवड्यातून तीन तास. कॉलेजमध्ये अकाउंटिंग निवडलं, कारण मला वाटलं होतं की आकड्यांशी बोलावं लागत नाही. आता अनोळखी माणसांना त्यांच्या घरात कोण झोपतं हे विचारणं हाच माझा धंदा झाला आहे.

या अंकाच्या संपादक काकूंनी सांगितलं, "तुझ्या कामातल्या गमती लिही." गमती आहेत. एक काका नाशिकच्या पुतण्याला आपल्या रिटर्नमध्ये घालायला निघाले होते, कारण "त्याची फी मीच भरतो ना." पण मला लिहायची आहे ती गोष्ट गमतीची नाही. जिची आहे तिची लेखी परवानगी मी घेतली आहे. आमच्या धंद्यात परवानगीशिवाय तोंड उघडता येत नाही. नावं बदलली आहेत.

आधी थोडं समजावून सांगते. क्रेडिट म्हणजे तुमच्या करातून थेट वजा होणारी रक्कम. मूल असेल तर एक क्रेडिट मिळतं. कमाई बेताची असेल तर आणखी एक मोठं मिळतं. कर शून्यावर आला तरी यातले काही पैसे हातात येतात. नर्सिंग होममध्ये किंवा दुकानाच्या काउंटरवर काम करणाऱ्या बाईला वर्षातून एकदा एकरकमी दिसणारे पैसे हेच. यावर घराचं डिपॉझिट भरलं जातं, गाडीचे टायर बदलले जातात.

पण मूल "तुमचं" आहे हे कायद्याला पुरत नाही. त्याचे स्वतःचे नियम आहेत. माझ्याकडे एक कुटुंब येतं, थोरला मुलगा पुण्यात जन्मलेला, धाकटी इथली. एकाच ताटात जेवतात. धाकटीकडे सोशल सिक्युरिटी नंबर आहे म्हणून तिच्या नावावर पूर्ण क्रेडिट, थोरल्याकडे नाही म्हणून त्याच्या नावावर जेमतेम पाव. दरवर्षी थोरला विचारतो, "व्हाय ॲम आय लेस?" मी त्याला चॉकलेट देते.

आणि दुसरा नियम राहण्याचा. मूल अर्ध्या वर्षापेक्षा जास्त काळ तुमच्या घरात राहायला हवं. मी नवी होते तेव्हा एका जोडप्याने आपलं चार महिन्यांचं बाळ अमरावतीला आजीकडे ठेवलं होतं. इथे पाळणाघराला घरभाड्याइतके पैसे जातात, म्हणून आपल्याकडे खूपजण असं करतात. बाळ आठ महिने तिकडे होतं. मी क्रेडिट लावायला नकार दिला. बाळाच्या आईने फोनमधला त्याचा फोटो बंद केला. नियम मी बरोबर सांगितला होता. पण मी स्क्रीनकडे बघत सांगितला, तिच्याकडे नाही. ते मला अजून बोचतं.

म्हणून वैशाली आली तेव्हा मी स्क्रीन बाजूला वळवून ठेवला होता.

ती हॉस्पिटलच्या औषध विभागात काम करते. मूळची नागपूरची. सोबत सहा वर्षांची संघमित्रा होती, घरी मितू. मितूला माझा स्टेपलर हवा होता. मी तिला रद्दी कागद दिले आणि ती एकावर एक पिना मारत बसली. वैशाली खुर्चीच्या कडेवर बसली होती.

मी ठरलेला प्रश्न विचारला.

"वर्षभर," ती म्हणाली. "अख्खं वर्ष." मग मांडीवरच्या फायलीकडे बघून म्हणाली, "पण कागदावर नाही."

एप्रिलच्या शेवटी ती नवऱ्याचं घर सोडून त्याच गावात एका म्हाताऱ्या सरदारजी जोडप्याच्या वरच्या खोलीत राहायला गेली होती. मितूला घेऊन. एकाआड एक शनिवार-रविवार मितू अभयकडे, म्हणजे बापाकडे, बाकी सगळे दिवस हिच्याकडे. भांडण, मारहाण, असलं काही तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला तेवढं लागत नाही.

"शाळेत पत्ता बदललात?"

"नाही."

"डॉक्टरकडे?"

"नाही."

"का?"

तिने मितूकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "कळलं असतं ना सगळ्यांना. शाळेच्या ऑफिसात आपल्या तीन बायका आहेत. मी रविवारी विहारात जाणंसुद्धा बंद केलं. लोक विचारतील, अभय कुठे आहे."

इतकंच नाही. ऑगस्टमध्ये आपल्या मराठी मंडळाची पिकनिक होती. तिघं एका गाडीतून गेले. एका टेबलावर बसून मिसळ खाल्ली, फोटो काढला, पार्किंगपर्यंत हसत आले, आणि मग ती मितूला घेऊन खोलीवर गेली, स्वतःच्या गाडीने. ती गाडी तिने सकाळीच दोन गल्ल्या पलीकडे लावून ठेवली होती. मला हे ऐकून धक्का बसला नाही. आपल्याकडे संसार मोडला तरी पिकनिकपुरता जोडलेला असतो. हे आपल्यालाच जमतं, आणि हीच तिची चूक झाली. आठ महिने तिने जगापासून जे लपवलं, ते टॅक्स खात्यापासूनही लपलं.

मी रिटर्न तयार केलं. नियम तिच्या बाजूने स्पष्ट होते. ई-फाइल केलं. तासाभरात ते परत आलं, रिजेक्ट. मुलीचा सोशल सिक्युरिटी नंबर आधीच दुसऱ्या रिटर्नमध्ये वापरलेला आहे. सीझन उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात अभयने घरबसल्या स्वतःचं रिटर्न भरलं होतं आणि मितूला त्यात घातलं होतं.

वैशालीने तिथूनच त्याला फोन लावला. स्पीकरवर टाकला. मी दार लावून घेतलं आणि मितूला पिनांचं नवं पाकीट दिलं.

"दरवर्षी मीच लावतो ना तिला," अभय म्हणाला. तो चिडलेला नव्हता, खरंच गोंधळलेला होता. "तू कशाला गेलीस तिकडे?"

"ती माझ्याकडे राहते, अभय."

"राहते म्हणजे? बाप कोण आहे तिचा?"

"तू बाप नाहीस असं कोण म्हणतंय?"

"मग झालं तर. इन्शुरन्स कोण भरतं? स्विमिंगचे कोणी दिले? तुला पैसे हवेत तर माग ना. टॅक्सवाल्यांकडे कशाला चुगली?"

वैशाली माझ्याकडे बघत होती. मी मध्ये बोलणाऱ्यांतली नाही. मी पिवळ्या चिकट कागदावर तीन शब्द लिहून तिच्यासमोर चिकटवले. 'खर्च नाही. रात्री.' कायदा खर्च कोणी केला ते बघत नाही. आईबाप वेगळे राहत असतील तर मूल जास्त रात्री कुणाकडे झोपलं हे बघतो.

तिने ते वाचलं. "रात्री कुठे झोपते ती?" तिने फोनमध्ये विचारलं.

मग अभय म्हणाला, "कोणाला शेजारी बसवलंयस का तू?"

दुसऱ्या दिवशी साने काकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. काकांच्या फोनवर पिकनिकचा फोटो होता. वैशाली, अभय, मध्ये मितू, तिच्या हातात कलिंगडाची फोड.

"अभयचा फोन होता. हे बघ. एकत्रच आहेत की."

"एकत्र जेवताहेत काका."

"केतकी, आपण टॅक्स भरून देतो. संसार सोडवत नाही. अभयचे मित्र, त्या मित्रांचे मित्र, सगळे आपल्याकडे येतात. हिची फी परत कर, म्हणावं दुसरीकडे जा. एक वर्ष त्याने लावलं तर काय बिघडतं? पुढच्या वर्षी ती लावेल."

काका वाईट माणूस नाहीत. मला व्हिसा त्यांनीच मिळवून दिला. एरवी मी "हो काका" म्हणून बाहेर आले असते. पण काय बिघडतं ते मला माहीत होतं. वैशालीचा घटस्फोट पुढे कोर्टात जाणार होता. ती म्हणाली होती, "पैसे गेले तर जाऊ देत एक वेळ. पण मुलगी बापाकडे राहत होती असं सरकारी कागदावर एकदा आलं, तर मी कोणाला काय सांगू?" आणि पैसे तरी का जाऊ द्यायचे? ते आले की ती दोन खोल्यांचं घर स्वतःच्या नावावर भाड्याने घेणार होती. डिपॉझिट तेवढंच होतं.

"काका, अभयने या वर्षी स्वतः भरलंय. ते आपले क्लायंट नाहीत. या आहेत." मी त्यांचा फोन त्यांच्याकडे परत सरकवला. "आणि प्रीपेअरर म्हणून त्या रिटर्नवर माझी सही आहे. मी खरं भरलंय. मी ते मागे घेणार नाही."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरं," म्हणाले. "पण मंडळात मला कोणी विचारलं तर मी सांगणार, ती ऐकत नाही."

"सांगा," मी म्हटलं.

रिटर्न छापून पोस्टाने पाठवलं. ऑगस्टमध्ये टॅक्स खात्याचं पत्र आलं. दोघांनी एकच मूल लावलं आहे, तर मूल तुमच्याकडे राहिल्याचे पुरावे पाठवा. शाळेचं पत्र, डॉक्टरांचं पत्र, घरमालकाचं, मूल सांभाळणाऱ्याचं.

शाळेचं पत्र आणलं, त्यावर अभयचा पत्ता. डॉक्टरांचं आणलं, त्यावरही अभयचाच. सरदारजींनी मात्र स्वतःच्या हाताने पानभर लिहून दिलं, त्यात मितू जिन्यावरून घसरून कशी हसली हेही होतं. पण भाडं रोख, करार नाही. शाळा आणि डॉक्टर एका बाजूला असताना एकट्या सरदारजींच्या पत्राने निभावणार नव्हतं.

"मितूला कोण सांभाळतं?" मी विचारलं.

"शकुमावशी." वैशालीची शिफ्ट सकाळी सातची. साडेसहाला ती मितूला मावशींकडे सोडते, मावशी तिला खायला घालून शाळेच्या बसमध्ये बसवतात, संध्याकाळी उतरवून घेतात. वैशालीने पुराव्यासाठी आपलं निवेदनही लिहून आणलं होतं. त्यात इंग्रजीत चक्क लिहिलं होतं, 'माझी मावशी तिला सांभाळते.' मी पेन घेऊन ते खोडलं. नातेवाइकाच्या शब्दाला हे खातं कमी किंमत देतं, आणि शकुमावशी तिच्या कोणीच लागत नव्हत्या. नात्याने हाक मारायची आपली सवय तिथे महागात पडली असती.

शनिवारी आम्ही मावशींकडे गेलो. त्या मुलाच्या घरी राहतात, मंदारच्या. मोठं घर, स्वयंपाकघराला लागून एक खोली, तिथे पाच मुलं दिवसभर. मावशी पासष्टीच्या. सिन्नरजवळच्या एका गावात बावीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. त्यांनी आधी आम्हाला उपीट दिलं. मग माझं म्हणणं ऐकून घेतलं. मग आत जाऊन तीन लांबट वह्या आणून टेबलावर ठेवल्या.

मी पहिली उघडली. रोजचं एक पान. प्रत्येक मुलाची एक ओळ. कोणी सोडलं, किती वाजता, काय खाल्लं, कोणी नेलं.

"मावशी, हे तुम्हाला कोणी लिहायला सांगितलं?"

"कोण सांगणार? सवय आहे. अंगणवाडीत हजेरी लिहिली नाही तर मूल आलंच नाही असं धरायचे. त्याचा खाऊ यायचा नाही. एकदा माझ्या हातून एका पोरीचं नाव राहिलं, महिनाभर तिच्या वाटचं आलं नाही. तेव्हापासून मी आधी लिहिते, मग बाकीचं."

मी हळूहळू वाचत गेले. हाताने लिहिलेलं मराठी मला वेळ लावतं. 'मितू. पावणेसात. वैशालीने सोडलं.' मी माझ्या कागदावर सव्वासात लिहिलं.

मावशी खांद्यावरून बघत होत्या. "अगं, पावणे म्हणजे पाव कमी. कुठल्या शाळेत होतीस तू?"

"कॉन्व्हेंट," वैशाली म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

आणि मग मला ती ओळ दिसली. तशी एक नाही, पानापानावर होती. 'मितू. सहा पस्तीस. वैशालीने सोडलं. झोपेच्या कपड्यात. इथे कपडे घातले. अर्धी पोळी, दूध नको म्हणाली.' मे, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर. पहाटे साडेसहाला झोपेच्या कपड्यातलं मूल ज्या बाईच्या कडेवर येतं, ते आदल्या रात्री त्याच बाईच्या घरी झोपलेलं असतं. याहून चांगला पुरावा मी आजवर बघितलेला नाही. अभयच्या ओळीही होत्या. 'शुक्रवार. अभयने नेलं. दप्तर विसरला.' मी सांगितलं, त्या पानांच्याही कॉपी जाणार. सगळी वही जाणार. निवडून पाठवलं की ते खोटं होतं.

"आणि मावशी, तुमची सही लागेल. तुम्ही तिला सांभाळता, किती पैसे घेता, तेही त्या पत्रात येईल."

तेवढ्यात मंदार आत आला. दारातून त्याने ऐकलं असावं.

"एक मिनिट. आईची सही कुठेही होणार नाही. ती काही डे केअर चालवत नाही. ओळखीच्यांची मुलं येतात, बस."

"पैसे घेते मी," मावशी म्हणाल्या.

"आई, यार, तू गप्प बस जरा. तुला कळत नाही. तू माझी डिपेन्डन्ट आहेस."

मावशींनी पातेल्यावरचं झाकण खाली ठेवलं. "मी काय आहे?"

"टॅक्समध्ये. मी तुला माझ्यावर अवलंबून दाखवतो. त्याचे थोडे पैसे मिळतात."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मला खोटं बोलता आलं नसतं, आणि गप्प बसणंही खोटंच झालं असतं. मी सगळं सांगितलं. मावशींकडे ग्रीन कार्ड आहे, त्यांना काम करायची परवानगी आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण कमाई मर्यादेच्या वर आहे, तेव्हा मंदारला त्यांना डिपेन्डन्ट दाखवता येणार नाही. त्याला मागची दोन रिटर्न दुरुस्त करावी लागतील. मावशींना स्वतःचं रिटर्न भरावं लागेल, करही द्यावा लागेल. सही केली तर हे सगळं आलं. नाही केली तर मी कोणाला काही सांगणार नाही, पण मग वही नुसती वहीच राहील.

"बघितलंस?" मंदार मला म्हणाला. "दुसऱ्याचं घर लावायला येता आणि आमचं विस्कटता."

"मी विस्कटत नाहीये," मी म्हटलं. "मी लिहितेय."

मावशींनी वह्या एकावर एक रचल्या. मग त्यांनी मला विचारलं, "मी सही नाही केली तर मितूचं काय होईल?"

"ती बापाकडे राहिली असं धरतील."

"मग वर्षभर इथे बसून माझ्या पोळ्या कोण खात होतं?" त्या मंदारकडे वळल्या. "पहाटे पाचला मी उठते. पाच पोरं, वर तुमचा दोघांचा डबा. महिन्याचा किराणा माझ्या पैशातून येतो हे तुझ्या बायकोला विचार. आणि मी अवलंबून? तुझ्यावर?"

"आई, टॅक्सपुरतं गं."

"टॅक्सपुरतंसुद्धा नाही." त्यांनी हात पुसून माझ्यापुढे केला. "दे पेन. आणि माझंही भर. काय होतो तो कर, मी देते."

मंदार बाहेर निघून गेला. मावशींनी सही मराठीत केली, पूर्ण नाव, शेवटी ठळक टिंब. मग त्यांच्या स्वतःच्या रिटर्नची वेळ आली तेव्हा सहीशेजारची चौकट दाखवून मी विचारलं, "इथे व्यवसाय लिहायचा असतो. काय लिहू?"

"तिकडे सेविका लिहायचे," त्या म्हणाल्या. "इथे सेवाबिवा नको. मुलं सांभाळते, असं लिही. पैसे घेऊन."

वह्यांच्या कॉपी, माझं भाषांतर, मावशींचं पत्र, सरदारजींचं पत्र, एवढा गठ्ठा झाला. वैशालीच्या पगाराच्या स्लिपाही जोडल्या. त्यांवर मे महिन्यापासून तिचा नवा पत्ता होता. तेवढा एकच कागद तिने बदलून घेतला होता, कारण पगाराचं पत्र अभयच्या घरी जायला नको होतं. पाठवायच्या आधी मी साने काकांच्या टेबलावर गठ्ठा ठेवला. त्यांनी भाषांतर चाळलं. 'झोपेच्या कपड्यात' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. स्वतः उठून पोस्टात गेले आणि पोचपावतीसह पाठवून आले.

उत्तर यायला चार महिने लागले. एका ओळीचं उत्तर होतं. तुमचा दावा मान्य केला आहे.

अभयला त्याचे पैसे परत करावे लागले. त्याचा मला आनंद झाला नाही. त्याला मितू प्रिय आहे, आणि त्याने जे केलं ते चोरी म्हणून नाही, सवयीने केलं. घरातले कागद नवऱ्याने बघायचे, मुलाच्या नावामागे बापाचं नाव, म्हणून मूल बापाच्या रकान्यात. त्याला कधी कोणी प्रश्नच विचारला नव्हता. तो आणि त्याच्या ओळखीची आठ कुटुंबं आता आमच्याकडे येत नाहीत. आकडा काकांनीच मला मोजून सांगितला, पगारवाढीचा विषय निघाला तेव्हा. पण आता वेगळ्या राहणाऱ्या आया आल्या की काका त्यांना माझ्या खोलीकडे पाठवतात. "केतकी बघेल," म्हणतात. "ती ऐकत नाही."

मंडळात माझ्याबद्दल काय बोललं जातं ते माझ्यापर्यंत येतं. घरं फोडते, लग्न झालं नाही म्हणून असं करते. माझ्या तोंडावर कोणी म्हणत नाही. मी बोलत नाही म्हणून मला ऐकूही येत नाही, असं बहुतेकांना वाटतं. मला सगळं ऐकू येतं. माझं कामच ते आहे. मी घर फोडत नाही. घरात कोण झोपतं, कोण उठतं, कोण मुलाला उचलून गाडीत घालतं, एवढंच मी विचारते. उत्तराची ज्यांना भीती वाटते त्यांनी प्रश्नावर रागवू नये. हा अंकही मंडळाचाच आहे, आणि मी हे इथेच लिहिते आहे.

या फेब्रुवारीत वैशाली परत आली. नवीन पत्ता तिने आधीच फॉर्मवर लिहून आणला होता. दोन खोल्या, करार तिच्या नावावर. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या ऑफिसात गेली होती, त्या तीन बायकांसमोर, आणि पत्ता बदलून आली होती. "एकीने विचारलं, अभय कुठे असतो," ती म्हणाली. "मी सांगितलं, त्याच्या घरी."

मितू आता सात वर्षांची. सरळ माझ्या टेबलाशी येऊन स्टेपलर उचलला.

उत्तर मला माहीत होतं. त्या उत्तरासाठी मी वर्षभर भांडले होते. पण नियम दरवर्षीचा आहे, आणि नियम माझ्यासाठी बदलत नाही. मी फॉर्म पुढे ओढला.

"मागच्या वर्षी मूल कुणाकडे राहिलं?"

वैशालीने तोंड उघडायच्या आत मितूने मान वर केली. "विथ माय मॉम," ती म्हणाली. मग माझी कीव आल्यासारखं बघून म्हणाली, "एव्हरीबडी नोज दॅट."

"हो," मी म्हटलं, आणि लिहून घेतलं.